सोलापुरात काढलेला समुद्र

रेडिओवरून चित्राविषयी बोला, असं बोलावणं आलं तेव्हा घरात सगळे हसले. ऐकणाऱ्याला चित्र दिसणार नाही, रंगही दिसणार नाहीत. त्यात मी विषय निवडला समुद्रकिनाऱ्याचा, आणि राहतो सोलापुरात. आपल्याकडून समुद्र गाठायचा तर रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसावं लागतं, तेव्हा साडेचारशे किलोमीटरनंतर सकाळी मुंबई येते. तरी खरं सांगतो, इतक्या वर्षांत जलरंगात मी जे काही केलं त्यात सगळ्यात जास्त कागद एकाच विषयावर खर्ची पडले. वर फिकट आकाश, त्याखाली पाण्याची पट्टी, मग ओली वाळू आणि त्या वाळूत उभा एक माणूस. एवढंच. हे चित्र बऱ्यापैकी जमायला मला पंचवीस वर्षं लागली. एवढी का लागली, हे शोधता शोधता मी जलरंगाच्या इतिहासात शिरलो, आणि तिथे मला आमच्या घरातलंच भांडण सापडलं.

सुरुवात शाळेपासून झाली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या चित्रकलेच्या परीक्षा आपल्यापैकी पुष्कळांनी दिल्या असतील. त्यात स्मरणचित्राचा पेपर असे. पाहिलेलं दृश्य आठवून काढायचं. सरावासाठी एकदा विषय आला, ‘समुद्रकिनारा’. वर्गात चाळीस मुलं, आणि समुद्र पाहिलेली जेमतेम तीन. बाकीच्या आम्ही सदतीस जणांनी न पाहिलेल्या गोष्टीचं स्मरणचित्र काढलं. कॅलेंडरवर होता तोच समुद्र. पट्टीनं ओढलेलं क्षितिज, डावीकडे वाकलेली दोन नारळाची झाडं, शिडाची होडी, अर्धा बुडालेला सूर्य. मला त्यात दहापैकी आठ मिळाले होते, हेही सांगून टाकतो.

आता घरातलं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढत. सोलापुरी चादर सगळ्यांच्या घरी असते, पण तिच्यावरचं मोराचं नाहीतर फुलाचं चित्र चादरीवर कसं येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. ते आधी आलेख कागदावर काढतात. आलेखाचा एक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. भरलेल्या चौकोनाला पुठ्ठ्याच्या कार्डात भोक पडतं, भोक असलं की तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो. फ्रान्समधल्या लिऑनच्या जॅकार्डनं १८०४ साली ही युक्ती पक्की केली, आणि पुढे आपल्या सोलापूरनं तिच्यावर संसार चालवले. अण्णा रात्री जमिनीवर पाट टाकून, त्यावर आलेख अंथरून, बारीक कुंचल्यानं एकेक चौकोन भरत बसत. एक चौकोन चुकला तर मोराच्या मानेवर टिपका पडणार, आणि तो टिपका त्या डिझाइनच्या प्रत्येक चादरीवर उमटणार. म्हणून त्यांच्या शब्दकोशात ‘अर्धवट’ ही शिवी होती. माझं कुठलंही चित्र पाहिलं की त्यांचा एकच प्रश्न असे, ‘‘हे पुरं कधी करणार?’’

आता गंमत पाहा. नेमका हाच प्रश्न १८७४ साली पॅरिसमध्ये विचारला गेला होता. मोने आणि त्याच्या मित्रांनी आपलं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, त्यात ल हाव्र बंदरातल्या सकाळचं मोनेचं ते प्रसिद्ध चित्र होतं. लुई लरॉय नावाच्या टीकाकारानं त्याची टिंगल केली. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा, की भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाचा कच्चा आराखडासुद्धा या समुद्रचित्रापेक्षा जास्त पुरा असतो. डिझाइन काढणाऱ्या माणसाच्या घरात वाढलेल्या मला हे वाचताना अण्णांचा आवाज ऐकू आला. त्याच टिंगलीतून त्या चित्रकारांना नाव मिळालं. मराठीत आपण त्याला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतो. शब्द जड आहे, पण बरोबर आहे. डोळ्याला क्षणभर जो प्रत्यय आला तेवढाच कागदावर ठेवायचा, मागाहून आठवून आणि विचारून त्यात भर घालायची नाही.

या मंडळींना समुद्रकिनारा दाखवला तो बूदॅं नावाच्या एका साध्या माणसानं. हा बंदरगावात वाढलेला. १८६० नंतरच्या दशकात तो त्रूव्हिलच्या वाळूवर बसून हवा खायला आलेली शहरी माणसं रंगवायचा, तेलरंगात आणि जलरंगातही. माणसं बोटाएवढीसुद्धा नाहीत. वर प्रचंड आकाश, खाली झग्यांचे, छत्र्यांचे नुसते ठिपके. तरुण मोनेला घराबाहेर उघड्यावर बसून रंगवायला त्यानंच लावलं. १८७० साली मोनेनं त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर एक छोटं तैलचित्र केलं, ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या रंगात वाळूचे खरे कण अडकलेले सापडले. चित्र किनाऱ्यावरच बसून केलं याचा याहून चोख पुरावा कोणता हवा?

पण मोनेचं ते चित्र तैलरंगातलं. पाण्यात रंग कालवून, कागदावर मोकळा सोडून देण्याची गोष्ट त्याच्याही आधी इंग्लंडात घडली होती. टर्नर या थोर चित्रकाराच्या मृत्यूनंतर त्याच्याकडची जी हजारो रेखाटनं आणि जलरंगातली कामं राष्ट्राच्या ताब्यात आली, त्यात असे कितीतरी कागद होते की ज्यांवर दोनतीन ओघळत्या रंगपट्ट्यांपलीकडे काही नाही. वाळू, पाणी, आकाश, संपलं. टर्नरनं ते लोकांना दाखवायला केलेले नव्हते. स्वतःपुरते केले होते. लोकांसमोर जायचं ते पुरं केलेलं चित्र. म्हणजे टर्नरच्या घरातही हे भांडण होतंच, फक्त तो ते एकटाच भांडत होता.

जलरंग आपल्याकडे आले ते मात्र निराळ्या दारानं. कंपनी सरकारच्या लष्करी उमेदवारांना इंग्लंडातल्या अ‍ॅडिस्कोंबच्या शाळेत चित्रकला शिकवत. हौस म्हणून नव्हे, किल्ला, घाट, नदीचा उतार अचूक टिपता यावा म्हणून. कॅमेरा नसलेल्या काळातला तो कॅमेराच. डिंकात कालवलेल्या रंगांच्या वड्या, पाण्याची बाटली, कागद, की झाली तयारी. घोड्याच्या खोगिरातही मावणारी. त्यामुळे जलरंग म्हणजे नेटकी नोंद, हा संस्कार सुरुवातीपासून पडला. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी आली, तिथेही बक्षीस मिळायचं ते हात घोटलेल्या, कसून पुऱ्या केलेल्या कामाला. यात कमीपणा काही नाही. त्या शिस्तीतून जी माणसं तयार झाली ती अफाट होती.

सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे त्यातलं शिखर. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये त्यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि पूर्ण जलरंगातलं. त्यांची कन्या गीता त्यासाठी समोर उभी राहिली होती. ज्योतीचा उजेड बोटांमधून आरपार येऊन बोटं तांबूस झाली आहेत. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदाचा पांढरेपणाच राखायचा असतो, आणि इथे तर ज्योतीचा उजेड अख्ख्या काळोखातून राखून ठेवलाय. आजही अर्धे प्रवासी ते रविवर्म्याचं समजून परततात. रविवर्मा १९०६ साली वारले, हे त्यांना कोण सांगणार? मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, अण्णांना आणायला हवं होतं. एकही चौकोन रिकामा नव्हता.

मग आपल्या महाराष्ट्रात मोकळं जलरंगचित्र कोणी केलंच नाही का? केलं, आणि तेही समुद्रापासून दूर, कोल्हापुरात. आबालाल रहिमान जे. जे.मध्ये शिकले, शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार होते. कोटितीर्थाच्या काठी राहायचे. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा परिसर हाच त्यांचा विषय. पाण्यावरचा सकाळचा उजेड त्यांनी रंगाच्या लहान लहान स्पर्शांतून धरला. १९२२ साली महाराज गेले तेव्हा आबालालांनी दुःखानं आपली चित्रं कोटितीर्थात बुडवली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण पाण्याची चित्रं पाण्यात गेली या गोष्टीवर मी इतक्यांदा विचार केलाय की आता ती खोटी निघाली तरी मला चालणार नाही. १९३१ मध्ये ते गेले. उरलेली चित्रं पाहिली की कळतं, किनारा समुद्राचाच असावा लागतो असं काही नाही.

मुंबईत हवा पालटली ती १९३८ नंतर. हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर देश सोडून मुंबईला आले, त्यांची पत्नी ज्यू होती. टाइम्स ऑफ इंडियात ते कलासंचालक झाले. त्यांच्या घरी तरुण चित्रकारांची बैठक भरायची. उघडे तेजस्वी रंग, मोकळे फटकारे, उन्हाला न घाबरणं, हे त्यांनी या पोरांना दाखवलं. त्यांत सय्यद हैदर रझा होते. रझा पुढे पॅरिसला गेले आणि त्यांचा बिंदू जगभर गाजला, पण त्याआधी १९४०च्या दशकात हा माणूस मुंबईचे रस्ते आणि पावसाळी आभाळ जलरंगात ओलंचिंब रंगवत होता. त्याच वर्तुळात, १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह गटात, आपल्या जिल्ह्याचा एक माणूस होता. मकबूल फिदा हुसेन, जन्म पंढरपूर, १९१५.

पंढरपूर म्हटलं की मला माझे चित्रकलेचे सर आठवतात. शाळा सुटल्यावर मी सुट्टीत त्यांच्याकडे जायचो. समुद्र काढायचाय म्हणून मी मागे लागलो, तर एका हिवाळ्यात आम्हा चार पोरांना त्यांनी पहाटेच्या एसटीत बसवलं आणि सत्तर-बहात्तर किलोमीटरवर चंद्रभागेच्या वाळवंटात नेऊन सोडलं. म्हणाले, ‘‘हा घे तुझा समुद्र. बस.’’ आम्हाला फसवल्यासारखं वाटलं. पण बसलो. आणि हळूहळू दिसायला लागलं. वर आभाळ, पलीकडच्या तीराची निळसर रेघ, पाण्याची चकाकती पट्टी, पाणी सरकून गेलेली ओली गडद वाळू, अलीकडे कोरडी फिकट वाळू. पुंडलिकाच्या देवळाजवळ होड्या. नऊवारीचा ओचा खोचून पाण्याशी वाकलेल्या बायका. बूदॅंला याहून वेगळं काय मिळालं होतं?

तिथं सरांनी माणूस काढायला शिकवला, तो असा. डोकं काढायचं लहान. नवशिका नेहमी डोकं मोठं काढतो, कारण त्याला चेहरा काढायची हाव असते. मग एका भरल्या कुंचल्यानं खांद्यापासून खाली निमुळतं येत जायचं, गाजरासारखं. उजेडाच्या बाजूला कागद कोरा राहू द्यायचा, तेच ऊन. सावली वेगळी काढायची नाही, माणूस ओला असतानाच त्याच्या टोकातून ओढून घ्यायची, म्हणजे दोघं एकमेकांत मिसळतात. वाळू ओली असेल तर माणसाचं प्रतिबिंब सरळ खाली येतं, सावली मात्र उन्हाच्या उलट बाजूला जाते. आणि पाय? मी पाय काढायला लागलो की सर कुंचला धरायचे. ‘‘गुडघ्याखाली थांब. पाय वाळूत आहेत. ते बघणारा काढेल.’’

घरी येऊन मी ते चित्र दाखवलं. अण्णा म्हणाले, ‘‘पाय कुठंयत?’’

आता खरी अडचण सांगतो, जी कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. जलरंगाची ही मोकळी पद्धत ओलाव्यावर चालते. कागद ओला असताना दुसरा रंग सोडला की तो पसरतो, कडा विरघळतात, धुकं होतं. आकाश आणि पाणी यांची सांधणी अशीच होते. ही रीत वाढली ती इंग्लंडच्या दमट हवेत. मुंबईही दमट, कोल्हापूरही पावसाचं. आणि आपण? एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंश, हवेत ओलावा औषधाला नाही. इथे आकाशाचा डावा कोपरा रंगवून उजवीकडे जाईपर्यंत डावा खडखडीत वाळलेला असतो. धुक्याच्या जागी करवतीसारख्या कडा पडतात. कित्येक वर्षं मी समजत होतो की माझा हात वाईट आहे. दोष हवेचा होता. पहाटे पाचला उठून करायचं, पंखा बंद ठेवायचा, रंगात ग्लिसरीनचा थेंब टाकायचा, सगळं करून पाहिलं. शेवटी उपाय निघाला तो घरातल्याच कपाटात. सोलापुरी टॉवेल. चांगला जाड टॉवेल भिजवून, पिळून, फळीवर पसरायचा. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून त्याच्यावर चिकटवायचा. खालून पाणी मिळत राहतं, वरून आपल्याला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. ज्या गावानं जगाला अंग पुसायचे टॉवेल पुरवले, त्या गावात चित्राला ओलं ठेवायला टॉवेल वापरायचं सुचायला मला इतकी वर्षं का लागली, कुणास ठाऊक.

इथे थोडं विषयांतर. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जलरंगाला आपल्याकडे पुन्हा चांगले दिवस आले. पुण्याच्या मिलिंद मुळीकांनी, अमर चित्र कथांचे चित्रकार प्रताप मुळीक यांच्या चिरंजीवांनी, आपल्या चित्रांतून आणि ज्योत्स्ना प्रकाशनाच्या पुस्तकांतून हजारो हौशी लोकांना पाणी सैल सोडायला शिकवलं. हे मोठंच काम. पण त्याच्या मागोमाग एक फॅशनही आली. रंग शिंपडले, ओघळ सोडले, की म्हणे चित्र मोकळं झालं. मला हे पटत नाही. मोकळ्या चित्रात काय सोडायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं, आणि सोडायला आधी ते माहीत असावं लागतं. मोनेला बोटी काढता येत होत्या. हळदणकरांची बोटं पाहून न काढलेल्या बोटांबद्दल बोलावं. असो.

तर तो वाळूतला माणूस. तो कोण, हे अजून सांगितलं नाही. १९७४ साली, मी शाळेत असताना, अण्णा डिझाइनचे नमुने दाखवायला मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमध्ये गेले, तेव्हा मला बरोबर नेलं होतं. काम झालं नाही. व्यापाऱ्यानं नमुने परत केले. गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही चालत गिरगाव चौपाटीवर गेलो. अण्णांनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला, चाळिशी ओलांडल्यावर. त्यांनी पायजमा पोटरीपर्यंत दुमडला, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात जाऊन उभे राहिले. मी मागे पिशवी सांभाळत बसलो होतो. लाट यायची, जायची. संध्याकाळचं ऊन त्यांच्या एकाच खांद्यावर होतं. बराच वेळ ते वळलेच नाहीत. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘‘याला रिपीट नाही रे.’’ डिझाइनवाल्यांच्या भाषेत रिपीट म्हणजे नक्षी जिथून पुन्हा सुरू होते ती जागा.

ते चित्र मी किती वेळा केलं असेल! पाय काढून, बोटं काढून, पायजम्याच्या दुमडीच्या रेघा काढून. प्रत्येक वेळी माणूस पुतळ्यासारखा व्हायचा. कुणाचाही बाप, माझा नाही.

कारखाना बंद पडल्यावर अण्णा घरीच असत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, हात थरथरायचा. १९९९ च्या उन्हाळ्यात एका पहाटे मी टॉवेल भिजवला, कागद पसरला आणि तो माणूस एका कुंचल्यात खाली ओढला. खांद्यावरचं ऊन कोरं राहिलं. गुडघ्याखाली थांबलो. ओल्या वाळूत रंग आपोआप उतरला, पाय त्यानंच केले. दोन-तीन मिनिटांचं काम. कागद टॉवेलवरून सोडवला, फळीवर वाळत ठेवला आणि चहा करायला गेलो. परत आलो तर अण्णा चित्रासमोर बसले होते, चष्मा कपाळावर चढवून, अगदी जवळ वाकून. आलेख तपासताना वाकायचे तसे.

‘‘चपला राहिल्या की,’’ ते म्हणाले. ‘‘डाव्या हातात होत्या.’’

मी कुंचला पाण्यात बुडवला.

‘‘आता नको,’’ अण्णा म्हणाले. ‘‘वाळलंय ते.’’